भूमिगत टाकी रात्रीत सात सेंटिमीटर उतरते: आतून अस्तर करावं की आधी गळती शोधावी?

कर्वेनगरचा सचिव

नमस्कार मंडळी. सोसायटी २४ फ्लॅटची, बांधकाम १९९४ चं. जमिनीखालची आरसीसी टाकी आतून ६ मीटर बाय ४ मीटर, खोली अडीच मीटर. मधे भिंत घालून दोन कप्पे केले आहेत, म्हणजे प्रत्येक कप्पा ३ बाय ४. पूर्ण भरल्यावर पाणी तळापासून २.२० मीटरपर्यंत येतं. रात्री ११ ते पहाटे ५ पंप आणि इनलेट दोन्ही बंद असताना पूर्वेच्या कप्प्याची पातळी ७ सेंटिमीटर उतरते. पश्चिमेचा कप्पा जागचा हलत नाही.

आणखी काही गोष्टी. पंपरूम पाच पायऱ्या खाली आहे. पूर्वेच्या कप्प्याचा सक्शन पाइप तळापासून १.५५ मीटर उंचीवर भिंतीतून बाहेर पडतो आणि दोन मीटर मातीतून पंपरूमला जातो. पाइप २ इंची जीआय, मूळचाच. पाणी साधारण निम्म्यावर आलं की हा पंप हवा धरतो आणि प्रायमिंग करावं लागतं, म्हणजे पाइपात पाणी भरून हवा काढावी लागते. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे सक्शन पाइपाच्या टाकीतल्या टोकावरची एकतर्फी झडप, दोनदा बदलला, फरक पडला नाही. ऑगस्टमध्ये वरच्या टाकीत गढूळ पाणी आलं, पण खालच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं तर पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं. टाकीपासून दीड मीटरवर ड्रेनेजचं चेंबर आहे.

तीन कोटेशनं आली आहेत. पहिलं, सगळा गिलावा काढून वॉटरप्रूफ प्लास्टर आणि वर पांढऱ्या टाइल्स. दुसरं, पूर्ण टाकीत पीयू इंजेक्शन (भेगांत दाबाने पॉलियुरेथेन भरणं) आणि फूड ग्रेड इपॉक्सी. तिसरं, आत प्लास्टिकच्या टाक्या बसवणं. सभासदांचा कल टाइल्सकडे आहे. काय करावं आणि कोणत्या महिन्यात करावं?


अनघा_स्ट्रक्चरल

सचिवसाहेब, तिन्ही कोटेशनं सध्या बाजूला ठेवा. गळती कुठे आहे हे तिघांपैकी एकानेही सांगितलेलं नाही, आणि तुमच्या चार ओळींत त्याचं निम्मं उत्तर आलेलं आहे.

आधी पाण्याचा हिशेब. एका कप्प्याचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, म्हणून १ सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर. सहा तासांत ८४० लिटर गेले, म्हणजे तासाला १४०. टाकी भरलेली राहिली तर दिवसाला ३,३०० लिटरच्या वर. २४ फ्लॅटमध्ये ९६ माणसं धरली आणि माणशी १३५ लिटर धरले तर तुमची रोजची गरज १३ हजार लिटरच्या आसपास. त्याचा चौथा हिस्सा मुरुमात चालला आहे. भिंतीतून सर्वत्र पाझर होऊन एवढं पाणी सहसा जात नाही. एवढ्या पाण्याला एक ठरावीक वाट लागते.

ती वाट कोणत्या उंचीवर आहे हे पातळीच सांगते. एकाच रात्रीच्या आकड्यावर थांबू नका. चार वेगळ्या पातळ्यांवर, प्रत्येकी सहा तास, उतार मोजा: २.२०, १.८०, १.४० आणि ०.८० मीटर. पाणी भोकाच्या खाली गेलं की उतार एकदम मंदावतो.

त्याआधी एक गोष्ट जरूर तपासा. मधली भिंत आरसीसीची आहे की विटांची? मूळ नकाशा बघा, नाहीतर मॅनहोलजवळ तळहाताएवढा गिलावा खरवडा. एका बाजूला २.२० मीटर पाणी आणि दुसरी बाजू रिकामी असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे २.४ टन रेटा येतो. पाणी १ मीटरच ठेवलं तर अर्धा टन. विटांची भिंत २.४ टनाला बसेल. तशी असेल तर दोन्ही कप्पे बरोबरीनेच खाली-वर करायचे.

मोजमाप फ्लोट किंवा इंडिकेटरवर करू नका. मॅनहोलच्या चौकटीवर छन्नीने एक खूण करा आणि तिथून स्टीलची पट्टी सोडा. टॉर्च तिरका धरा. पट्टीचं टोक पाण्याला टेकतं तेव्हा तिचं प्रतिबिंब खालून येऊन तिला मिळतं. तो आकडा मिलिमीटरमध्ये लिहा. वाकून पाहताना एकट्याने जाऊ नका.

इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर आत येणारं पाणी गळती लपवतं. देखभालीसाठी पालिकेचं पाणी बंद असतं असा गुरुवार साधला तर ही शंकाच उरत नाही. ०.८० ची नोंद घ्याल त्या रात्री पश्चिमेचा कप्पाही मोजा. दोन्हीत पातळीचा मोठा फरक असताना पश्चिमेचं पाणी उतरलं नाही, तर मधली भिंत धड आहे.


फूटव्हॉल्व

अनघाताईंनी सांगितलेलं मोजमाप करा, पण मला संशय सक्शन पाइपाचा आहे. पुरावे तुम्हीच दिले आहेत.

फूट व्हॉल्व्ह पाण्याला टाकीत परत येऊ देत नाही, पण टाकीतून पाइपात जाऊ देतो. तुमच्या टाकीचं पाणी २.२० ला आणि पाइप १.५५ ला. मातीत तो पाइप सडला असेल तर पंप बंद असतानाही पाणी फूट व्हॉल्व्ह उचलून पाइपात शिरतं आणि मातीत जातं. पाणी १.५५ च्या खाली गेलं की उलटा खेळ. पंप सुरू केल्यावर त्याच भोकातून हवा ओढली जाते, म्हणून पंप हवा धरतो. व्हॉल्व्ह कितीही बदला, फरक पडणार नाही.

आता ऑगस्टचं गढूळ पाणी. पावसाळ्यात पाइपाभोवतीची माती पाण्याने भरलेली असते. पंप चालू असताना पाइपात ओढ असते आणि हवेऐवजी तेच मातीचं पाणी आत येतं. ते थेट वरच्या टाकीत जातं, खालच्या टाकीत त्याचा मागमूस दिसत नाही. दीड मीटरवर ड्रेनेजचं चेंबर आहे, तेव्हा हा प्रश्न पाणी वाया जाण्यापेक्षा मोठा आहे. काम होईपर्यंत पूर्वेचा पंप बंदच ठेवा आणि पश्चिमेच्या कप्प्यावर चालवा. वरच्या टाकीच्या पाण्याची जिवाणू तपासणी करून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात चालत नाही.

पाइप दोषी आहे की पाइपाभोवतीची भिंत, हे वेगळं काढायला एक चाचणी आहे. पाणी खाली घेऊन फूट व्हॉल्व्ह सोडवा आणि पाइपाच्या त्या टोकाला २ इंची जीआय एंड कॅप घट्ट बसवा. आट्यांना टेफ्लॉन टेप १२ ते १५ वेढे, आट्यांच्याच दिशेने. मग टाकी २.२० पर्यंत भरून पुन्हा सहा तास मोजा. उतार जवळजवळ थांबला तर दोष पाइपात. तसाच राहिला तर पाणी पाइपाच्या बाहेरून, भिंतीतून जातंय. अधलामधला आला तर दोन्ही.


कर्वेनगरचा सचिव

सर्वांचे आभार. मूळ नकाशात मधली भिंत १५० मिमी आरसीसी दाखवली आहे आणि खरवडून पाहिल्यावर काँक्रीटच लागलं. सहा-सहा तासांचे आकडे असे: २.२० वर ७ सेंमी, १.८० वर साडेचार, १.४० वर अर्धा सेंमी, ०.८० वर ४ मिमी. पश्चिमेचा कप्पा त्या रात्री जागचा हलला नाही.

एंड कॅप लावून पुन्हा २.२० पर्यंत भरलं. सहा तासांत २.६ सेंमी उतरलं.


अनघा_स्ट्रक्चरल

मोजमाप उत्तम झालं आहे. यातून तीन गळत्या दिसतात.

कॅप लावल्यावर ७ चे २.६ झाले, म्हणजे ४.४ सेंमी एकट्या पाइपातून जात होतं. एकूण गळतीच्या सुमारे ६३ टक्के. ०.८० वरसुद्धा ४ मिमी जातंय, म्हणजे अगदी खाली एक बारीक वाट आहे. ती बहुधा तळ आणि भिंत यांच्या सांध्यात असणार. पाण्याची उंची वाढेल तसं तिच्यातून जाणारं पाणी थोडं वाढेल आणि २.२० ला ते ६-७ मिमी होईल. उरलेलं सुमारे १.९ सेंमी १.४० आणि १.८० च्या मधल्या पट्ट्यातून जातंय. तिथे पाइपाभोवतीची पोकळी आहेच. शिवाय भिंतीचं काँक्रीट साधारण दीड मीटरच्या टप्प्यांनी ओततात, त्यामुळे दोन टप्प्यांमधला आडवा थंड सांधाही तिथेच असण्याची दाट शक्यता आहे.

म्हणजे काम किती आहे ते बघा. एक पाइप, एका भिंतीतला एक पट्टा आणि तळाच्या सांध्याचा काही भाग. अख्ख्या टाकीला टाइल्स लावल्या असत्या तरी मातीतला पाइप तसाच राहिला असता आणि सातपैकी साडेचार सेंटिमीटर पाणी जातच राहिलं असतं. पुढच्या पावसाळ्यात गढूळ पाणीही आलं असतं.

दुरुस्तीच्या पायऱ्या कोबावाल्यांनी सांगाव्यात, त्यांचा हात त्यात बसलेला आहे. काळवेळेबद्दल मी नंतर लिहिते.


कोबा_आणि_वाटा

माणूस आत उतरवण्याआधीचं आधी सांगतो. कप्पा रिकामा करून दोन्ही झाकणं किमान काही तास उघडी ठेवा. ब्लोअरने वरून हवा तळापर्यंत सोडा आणि काम चालू असेपर्यंत तो बंद करू नका. आतल्या माणसाच्या कमरेला दोर आणि वर कायम एक जण. आत कोणी कोसळलं तर मागून उडी मारायची नाही, दोराने ओढायचं. दिवा बॅटरीचा. ड्रिल लावायचं तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). टाकीत सॉल्व्हंट असलेला प्रायमर किंवा रंग वापरू देऊ नका, त्याची वाफ तळाशी साचते.

पहिलं काम पाइपाचं. बाहेरून खड्डा घ्या. स्लॅबच्या माथ्यापासून पाइप साधारण १.१ मीटर खाली येतो, तेव्हा १.४ मीटरपर्यंत खणा. रुंदी एवढी ठेवा की माणूस बसून दोन्ही हात चालवू शकेल. भरावाची माती सुटी असेल तर फळ्या आणि टेकू लावल्याशिवाय आत उतरू नका.

पाइप काढायला ब्रेकर लावू नका. २०० मिमीच्या भिंतीला ब्रेकरचे धक्के बसले की थंड सांधा आणखी उघडतो. २५० मिमीचा चौकोन आखा, रेघेवर १२ मिमीची भोकं एकाला एक लागून पाडत जा आणि मधला गाळा छन्नीने काढा. सळया शक्यतो कापू नका. कापावीच लागली तर आधी अनघाताईंसारख्या जाणकाराला विचारा.

नवा तुकडा स्टेनलेस स्टीलचा (एसएस ३०४), २ इंची, त्यावर भिंतीच्या बरोबर मध्यावर येईल अशी १६० मिमी व्यासाची, ६ मिमी जाडीची पडल फ्लॅन्ज, म्हणजे पाइपाच्या कडेने जाणारं पाणी अडवणारी चकती. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण गोल हवं. ठिपक्या-ठिपक्यांचं वेल्डिंग केलं तर पाणी पाइपाच्या कडेने फ्लॅन्ज ओलांडून जातं. फ्लॅन्जच्या शेजारी पाइपावर पाण्याने फुगणारी पट्टी एक वेढा चिकटवा, पण भिंतीच्या दोन्ही तोंडांपासून ती किमान ७५ मिमी आत हवी. कडेला लावली तर फुगताना काँक्रीटचा कोपरा उडवते. प्लास्टिकचा पाइप काँक्रीटला धरत नाही, म्हणून भिंतीत तो नको. नाइलाज असेल तर टाकीबाहेरच पाइपावर सॉल्व्हंट सिमेंट लावून ओलं असतानाच जाडी कोरडी वाळू दाबून बसवा, म्हणजे ग्राउटला (भोकात ओतायच्या सिमेंटच्या पातळ मालाला) पकड मिळते.

भोकाच्या कडा खडबडीत करा आणि रात्रभर ओल्या ठेवा. ओतताना वर साचलेलं पाणी नको. आतल्या बाजूला सपाट प्लायचं शटरिंग, बाहेरच्या बाजूला चोच असलेलं, चोच भोकाच्या १०० मिमी वर. न आकसणारा वाहता ग्राउट, जीपी-२ प्रकारचा. भोकाचं आकारमान साडेबारा लिटर आहे आणि २५ किलोच्या एका पोत्यातून तेवढाच ग्राउट निघतो. चोचीतही काही जातो, म्हणून दोन पोती आणून ठेवा. पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच, मोजून. साधारण ४ ते साडेचार लिटर असतं. पातळ करायला आणखी एक लिटर ओतला की ग्राउट आकसतो, पाणी वर येतं आणि पाइपाच्या पोटाखाली पोकळी राहते. नेमकी तीच जागा पुन्हा गळते. ओतणं एकाच बाजूने आणि न थांबता, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. सात दिवस ओलं गोणपाट.

मातीतून पंपरूमपर्यंत ६३ मिमीचा एचडीपीई पाइप, ११० मिमीच्या पीव्हीसी स्लीव्हमधून. स्लीव्हला पंपरूमकडे उतार द्या. पुढे कधी पाइप गळलाच तर पाणी पंपरूममध्ये डोळ्यांना दिसेल. पाइपाला मात्र मधेच उंचवटा येऊ देऊ नका. तिथे हवा अडकली की पुन्हा प्रायमिंगची कटकट सुरू.

दुसरं काम थंड सांध्याचं. त्या भिंतीवर १.३ ते १.८ मीटर उंचीच्या पट्ट्यात गिलावा ठोकून बघा. जिथे पोकळ वाजतो तेवढाच काढा. सांधा उघडा पडला की त्याच्या खाली-वर आळीपाळीने, सांध्यापासून १०० मिमीवर, ४५ अंशात, १५० मिमी खोल भोकं पाडा. असं पाडलेलं भोक २०० मिमीच्या भिंतीत बरोबर मध्यावर सांध्याला छेदतं. आडवं अंतर १५० ते २०० मिमी. भोकं पाण्याने धुऊन घ्या, धूळ राहिली तर पॅकरमधून (भोकात घट्ट बसणाऱ्या इंजेक्शनच्या नळीतून) काहीही पुढे सरकत नाही. मग पॅकर बसवून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे इंजेक्शन करत जा. शेजारच्या पॅकरमधून माल बाहेर आला की पुढच्याकडे सरका. पुन्हा टाकी भरून रेटा येणार आहे, म्हणून नुसता पीयू फोम पुरत नाही. फोम वाहतं पाणी थांबवतो, पण त्याला बारीक छिद्रं राहतात. त्याच्या मागून न फुगणारं पीयू रेझिन सोडायचं. नव्या ग्राउटच्या चौकोनाभोवतीही चार-पाच पॅकर घ्या.

तिसरं काम तळाचा सांधा. तो १४ मीटर लांब आहे आणि सगळा गळत नसणार. तळात बोटभर पाणी राहू द्या आणि ते पूर्ण संथ होऊ द्या. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये खाण्याचा लाल रंग भरून सांध्याजवळ एकेक थेंब सोडत चला. धड जागी थेंब ढगासारखा पसरतो. गळत्या जागी त्याची दोऱ्यासारखी रेघ होते आणि ती सांध्यात ओढली जाते. तिथे खडूने नव्हे, छन्नीने खूण करा. खडू पाण्यात टिकत नाही.

खूण केलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जास्त धरून २५ बाय २५ मिमीची खाच घ्या. खाच चौकोनी हवी, व्ही आकाराची घेतली तर भरलेला माल पाचरीसारखा निसटतो. खाच पॉलिमर मॉर्टरने भरा आणि चौदा मीटरभर ५० मिमीचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात मॉर्टरचा तिरका उतार, फिरवा. खाच आणि वाटा मिळून २६ लिटरच्या आत माल लागतो. त्याला साधारण १५ किलो सिमेंट, मापाने तिप्पट चाळलेली वाळू आणि २ ते ३ लिटर एसबीआर (मॉर्टरमध्ये मिसळायचा द्रव पॉलिमर) पुरेल.

हे झाल्यावर टाकी भरून मोजा. धड असलेला गिलावा उगाच काढू नका आणि कोटिंग आताच ठरवू नका.


कर्वेनगरचा सचिव

हे सगळं सभेपुढे ठेवतो. दोन प्रश्न नक्की येणार. टाइल्स लावल्या तर टाकी स्वच्छ ठेवायला सोपी जाते, मग त्या नकोत का? आणि प्लास्टिकच्या टाक्या आत ठेवल्या तर काँक्रीटची चिंताच मिटत नाही का?


अनघा_स्ट्रक्चरल

टाइल्स स्वच्छतेसाठी चांगल्या आहेत, गळतीसाठी नाहीत. टाइलमागे पोकळी राहिली तर पाणी सांध्यातून मागे जातं आणि तिथेच साचून राहतं. पुढे गळती झाली तर कुठे ते शोधताही येत नाही. टाकी चाचणीत उत्तीर्ण झाल्यावर लावायच्या असतील तर जरूर लावा, पण टाइल अ‍ॅढेसिव्ह पूर्ण पाठीला लावून आणि सांधे इपॉक्सी ग्राउटने भरून.

प्लास्टिकच्या टाक्यांबद्दल. मॅनहोल ६० बाय ६० सेंटिमीटरचं असेल तर त्यातून मोठी टाकी उतरतच नाही, स्लॅब कापावा लागेल. साठाही बराच घटतो. शिवाय काँक्रीटची टाकी गळकीच राहिली तर पावसाळ्यात तिच्यात बाहेरून पाणी भरतं. आतली रिकामी प्लास्टिकची टाकी त्यावर तरंगते आणि पाइपांचे सांधे उपटते.

आता महिना. पुण्यात मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. टाकीसाठी खणलेला खड्डा म्हणजे एक भांडंच, आणि पावसाळ्यात टाकीच्या बाहेर त्या भांड्यात पाणी तुंबतं. तेव्हा टाकी रिकामी केली तर ते तिला खालून वर ढकलतं. तुमच्या टाकीचं बाहेरचं माप साधारण ६.४ बाय ४.४ धरलं तर बाहेरचं पाणी तळाच्या खालच्या पातळीपासून दीड मीटर चढल्यावर वर ढकलणारा जोर सुमारे ४२ टन होतो. भिंती २०० मिमी, तळ २५० आणि स्लॅब १५० धरला तर रिकाम्या टाकीचं वजन ५८ टनांच्या आसपास. म्हणजे पाणी २.१ मीटरवर गेलं की टाकीचं वजन कमी पडतं. टाकी उचलली गेली नाही तरी तळाचा स्लॅब त्याआधीच फुगून तडकू शकतो. जून ते ऑक्टोबर ही टाकी रिकामी करायचीच नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही बाहेरच्या खड्ड्यात पाणी लागतंय का ते आधी बघा. जानेवारी ते मार्च उत्तम. बाहेरचं पाणी उतरलेलं असतं आणि उन्हाळ्याची पाणीकपात अजून लागायची असते.

पाण्याची आबाळ होणार नाही. पश्चिमेच्या कप्प्यात २६,४०० लिटर मावतात आणि ती तुमची दोन दिवसांची गरज आहे. तो रोज भरत राहिला तर टँकर मागवावा लागणार नाही. तुमची मधली भिंत आरसीसीची आहे, तरी पूर्वेचा कप्पा रिकामा असताना पश्चिमेची पातळी १.८० च्या वर नेऊ नका.

इपॉक्सीबद्दलही याच कारणाने सावध राहा. ते काँक्रीट कोरडं असेल तरच धरतं, आणि पावसाळ्यात बाहेरचं पाणी भिंतीतून आत रेटा देतं. दीड मीटर पाण्याचा रेटा दर चौरस मीटरला दीड टन. कोटिंगला नाण्याएवढे फुगे येतात आणि टाचणी टोचली की आतून पाण्याची चिळकांडी उडते. कोटिंग करायची वेळ आलीच तर उघड्या, ओल्या काँक्रीटवर क्रिस्टलाइन सिमेंट कोटिंग करा. दर चौरस मीटरला ०.८ किलोचे दोन हात. एका कप्प्याच्या भिंती आणि तळ मिळून ४७ चौरस मीटर होतात, तेव्हा ७५ किलो माल लागेल. ते गिलाव्यावर चालत नाही, काँक्रीटच उघडं हवं. हात मारल्यावर तीन दिवस दिवसातून तीनदा हलका फवारा.


फूटव्हॉल्व

पाइपाला एक पर्यायही सभेपुढे ठेवा. पाण्याने भरलेल्या मोटरचा ओपनवेल सबमर्सिबल पंप टाकीच्या तळाशी ठेवला तर सक्शन पाइपच लागत नाही. डिलिव्हरी पाइप स्लॅबच्या वरून बाहेर काढता येतो आणि भिंतीतलं भोक ग्राउटने कायमचं बुजवता येतं. मातीचं पाणी ओढलं जाण्याचा मार्गच बंद होतो. मोटर तेलाची नको, ते पिण्याच्या पाण्यात उतरू शकतं. पंपावर आरसीसीबी हवाच, आणि टाकी धुवायला माणूस उतरण्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवायचा. पंपाची दुरुस्ती थोडी त्रासाची होते, दर वेळी वर ओढावा लागतो. तरी ड्रेनेज चेंबर इतकं जवळ असताना मी हाच मार्ग घेईन. चेंबरही आतून तपासा. त्यात पाणी भरून एक तास थांबा. ते उतरलं तर त्याची दुरुस्ती टाकीच्या आधी.

काम झाल्यावर निर्जंतुकीकरण. कप्पा भरून दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन चोवीस तास ठेवायची पद्धत आहे. त्याला ३३ टक्क्यांची ४ किलो ब्लीचिंग पावडर लागते आणि २६ हजार लिटर पाणी ओतून द्यावं लागतं. पाणी वाचवायचं तर ५० लिटर पाण्यात ३० ग्रॅम पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी भिंती, तळ, स्लॅबची खालची बाजू यांवर ब्रशने लावा. अर्धा तास ओलं राहू द्या, मग धुऊन काढा. लावणाऱ्याला हातमोजे, चष्मा आणि ब्लोअर सुरू. वरच्या टाकीलाही हेच करा, गढूळ पाणी तिथेच गेलं होतं.


कोबा_आणि_वाटा

ब्लीचिंगचं काम ग्राउट आणि वाट्याचं सात दिवसांचं क्युरिंग संपल्यावरच, आधी नाही.

चाचणीसाठी टाकी एकदम भरू नका. दिवसाला साधारण पाऊण मीटर, म्हणजे तीन दिवसांत पूर्ण. कोरडं पडलेलं काँक्रीट सुरुवातीला पाणी पितं, म्हणून भरल्यावर दोन दिवसांचा उतार धरू नका. तिसऱ्या दिवसापासून चोवीस-चोवीस तासांच्या तीन नोंदी घ्या. झाकलेल्या टाकीत बाष्पीभवन नगण्य असतं, तेव्हा तो बहाणा कोणाचा ऐकू नका. चोवीस तासांत २ मिमीच्या आत उतरलं, म्हणजे २४ लिटर, तर काम झालं आणि कोटिंगची गरज नाही. जास्त असेल तर पुन्हा पातळ्यांची चाचणी करा, उंची कळेल.

बाहेरचा खड्डा चाचणी होईपर्यंत बुजवू नका. पाइपाभोवती कोरडा कागद दाबून बघा, ओल आधी कागदाला कळते. करारात इंजेक्शनचा दर पॅकरवर ठरवायचा असेल तर पॅकर किती आणि कुठे हे भिंतीवर आखून, फोटो काढून मगच सही करा. शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटून गेल्यावरचा ठेवा. बाहेरून आत येणारं पाणी ऑगस्टशिवाय दिसत नाही.